घरचा हात

गोंदियाला उतरले तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. निवृत्त झाल्यावर भारत बघायचा म्हणून सांगलीहून एकटीच निघाले होते. सात-आठ महिन्यांत देवळं, धबधबे, किल्ले, सगळ्यांचा वीट आला. पण मध्येच घरी गेले असते तर 'सांगितलं होतं ना' हे ऐकावं लागलं असतं. म्हणून आणखी एक तलाव, नवेगाव बांध.

नवेगावची बस नुकतीच गेल्याचं रिक्षावाल्याने हिंदीत आणि मोठ्या आनंदाने सांगितलं. पुढच्या बसमध्ये उभ्याने गेले. तलाव अफाट होता, पलीकडे डोंगर, जंगल. मला जांभई आली आणि स्वतःचीच चीड आली.

आरक्षण नाही म्हणून विश्रामगृहातून हाकललं. तिथे चहाची टपरी चालवणाऱ्या सुशीलाबाई मला घरी घेऊन गेल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आत लेक बाळंतीण, आणि बाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये. भात आणि लाखोळीची आमटी (लाखोळी ही इकडची डाळ) वाढताना त्यांचं लक्ष सारखं बाहेर जात होतं.

कारण कळलं. रोवणी (भाताची लावणी) सुरू होती. इथल्या बायका एकमेकींच्या बांधीत (भाताच्या खाचरात) राबतात, आज हिच्या, उद्या तिच्या. ज्या घरचा हात येत नाही, त्या घराची बांधी तशीच राहते. सुशीलाबाईंचा हात मोडलेला, लेक खाटेवर. रोपं वाढून चालली होती. आठवडाभरात लागली नसती तर वर्षाचा भात गेला असता.

"मी जाते," असं मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. बायकांची पुढारी वत्सलाबाई. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पाहुणी चालत नाही, घरचाच हात पाहिजे, म्हणाली.

सुशीलाबाई शांतपणे म्हणाल्या, "माया घरी जेवते, माया घरी झोपते. मंग घरची नाही तं कोनाची?"

झालं! दुसऱ्या सकाळपासून मी गुडघाभर चिखलात. कंबर मोडली, नखं काळी पडली, आणि मी लावलेली रोपं मागे वळून पाहावं तर पाण्यावर तरंगत. मागची बाई ती उचलून पुन्हा लावायची. माझ्यामुळे काम दुप्पट! तिसऱ्या दिवशी माझा संयम सुटला. मला कशाला नेता, असं मी वत्सलाबाईला फटकन विचारलं.

"तुमी येनं पाहिजे जी," ती वाकलेलीच म्हणाली. "रोप आमी लावून घेऊ."

यावर काय भांडणार, कपाळ! मी पुन्हा वाकले.

सुशीलाबाईंच्या बांधीत सगळ्या आल्या. उन्हं कलायच्या आत बांधी हिरवी झाली. बांधावर उभ्या सुशीलाबाईंनी डाव्या हाताने पदर डोळ्यांना लावला. मला रडू आलं, ते मी चिखल उडाला म्हणून खपवलं.

एकट्या वत्सलाबाईची बांधी राहिली होती. तिच्याकडे तलावाचं पाणी शेवटी पोचतं. माझं तिकीट मात्र काढलेलं होतं. "जा जी, मी पाहून घेईन," सुशीलाबाई म्हणाल्या. एका हाताने काय पाहून घेणार होत्या, देव जाणे.

गोंदियाच्या फलाटावर गाडी वेळेवर आली. नेमकी त्या दिवशी! पुढे अमरकंटक होतं. मी बॅग उचलली, दारापर्यंत गेले आणि संतापून परत फिरले. सुशीलाबाईंवर चिडले, त्या पाण्यावर चिडले, सगळ्यात जास्त माझ्यावर. रस्ताभर बसमध्ये पुटपुटत होते.

वत्सलाबाईच्या बांधीत रांग अर्ध्यावर आली होती. सुशीलाबाई प्लास्टर पदरात गुंडाळून डाव्या हाताने रोप खोचत होत्या. मी साडी खोचून चिखलात उतरले तशा त्या बाजूला झाल्या आणि बांधावर जाऊन बसल्या. वत्सलाबाईने मान वर करून पाहिलं. तिला आश्चर्य वगैरे काही वाटलं नाही.

"उशीर केला जी," एवढंच म्हणाली आणि रांगेत माझ्यापुरती सरकली.

तिथून मी सरळ सांगलीला आले. काय काय पाहिलंस, असं सगळे विचारतात. मला धड काहीच आठवत नाही. एवढंच आठवतं की इतक्या महिन्यांत मला उशीर झाला म्हणून रागावणारं माणूस फक्त तिथे भेटलं.