फर्माईश बाळूची नव्हती

आजवर कुणालाच सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं लिहिताना मला पळवाट राहणार नाही. आमच्या न्हावऱ्याच्या सुनंदाच्या लग्नात, परण्याच्या म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीच्या वेळी, बँडवर जे विरहाचं गाणं वाजलं ते बाळूनं सांगितलेलं नव्हतं. क्लॅरिनेट माझ्या तोंडात होतं. ते गाणं मी माझ्या मनानं वाजवलं.

त्या लग्नानंतर आठवडा व्हायच्या आत मी गाव सोडलं. सकाळची शिरूरची एसटी होती. आईनं भाकरी बांधून दिली होती, वडील फाट्यावरच्या झाडाखाली लांब उभे होते. माझी पत्र्याची पेटी बाळूनं खांद्यावर आणली आणि गाडीत चढवली. त्याचा खालचा ओठ सुजून एका बाजूला आला होता, डोळ्याखाली काळंनिळं होतं. मला त्याच्याकडं बघवत नव्हतं आणि तो मात्र खिडकीशी येऊन माझीच समजूत काढत होता.

"कारेगाव काय, हितंच हाय," तो म्हणाला. "कंपनीत नीट चिकटून ऱ्हा. गावातलं जरा थंड होऊ दे, मग ये."

मग आजूबाजूला बघून आवाज बारीक केला. "आन् त्या गाण्याचं मनाला लावून घिऊ नको, दत्त्या. तुझं चुकून वाजलं, मला काय कळत न्हाई व्हय? गर्दीत होतंय आसं."

एवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. चुकून वाजलं नव्हतं, हे तीन शब्द बोलायला घंटीनंतरही वेळ होता. गाडी वळेपर्यंत तो हात हलवत होता आणि मी समोरच्या सीटचा दांडा धरून बसलो होतो.

मुळात बँड माझ्या मामाचा. नव्वदीच्या मधल्या वर्षांत दौंड-शिरूरच्या गावांत लग्नसराईला मामाच्या बँडला मोकळा दिवस नसायचा. गाणारा माणूस आमच्याकडं नव्हता. गाणं म्हणायचं ते क्लॅरिनेटनं, आणि ते मामानं मला शिकवलं होतं. त्याची शिकवायची तऱ्हा निराळी. तो आधी चाल शिकवायचाच नाही, भाव शिकवायचा. "प्रेमाचं गाणं म्हंजी काय एक आसतंय व्हय रं?" असं म्हणून तो विडी विझवायचा आणि सुरू करायचा. छेड काढणारं गाणं फुंकताना श्वास तोडून तोडून घ्यायचा, ओठात हसू ठेवायचं. आर्जवाचं असेल तर ओळीचं टोक खाली सोडायचं, पाया पडल्यासारखं. रुसव्याच्या गाण्यात हवा थोडी आतच ठेवायची, कारण रुसलेलं माणूस सगळं बोलत नाही. नव्या नवरानवरीचं असेल तर सूर सरळ, भरलेला, कुठंही कापायचा नाही. आणि सोडून गेलेल्या माणसाचं, दुसऱ्याची झालीस म्हणून बोल लावणारं गाणं? त्या वर्षांत हिंदी सिनेमांत अशा गाण्यांचा पूर आला होता, ट्रकवाल्यांपासून सलूनपर्यंत तीच वाजायची. ती मामानं शिकवली, पण वर ताकीद दिली.

"लग्नात विरह वाजवायचा न्हाई. आपल्या वाजवण्यात शबुद नसतो, तो लोकांच्या डोक्यात आसतो. चाल निघाली की त्येंचा त्येंनी घालत्यात."

दुसरा नियम फर्माईशीचा. मिरवणुकीत कुणाला आपल्या आवडीचं गाणं हवं असलं की तो नोट नाचवत पुढं यायचा, वाजवणाऱ्याच्या कानात गाणं सांगायचा, आणि चालू गाणं तोडून ते धरायचं. बँड आपल्या मनानं काही वाजवत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. वाजलं ते कुणीतरी सांगितलेलं.

सुनंदाचं घर आमच्या घरामागं, मध्ये त्यांची कांदे साठवायची चाळ. मी दुपारी सराव करायचो तेव्हा ती चाळीत कांदे निवडत बसलेली असायची. एकदा तिनं तिकडून हाक मारली, "ओ दत्ताभाऊ, नुसतं काय ढँगढँग? त्ये रडकं वाजवा की, मला लई आवडतंय." मी वाजवलं. मग रोज वाजवायला लागलो. तिनं परत कधी सांगितलं नाही, नको असंही म्हणाली नाही. एवढंच. आमच्यात बाकी काही नव्हतं. पण बाविशीत माणसाला एवढंही पुरतं. मला वाटायचं, मी फुंकतोय ते सगळं तिला पोचतंय. तोंडानं एक अक्षर बोलायची माझी छाती नव्हती आणि बोलायची गरजच नाही असं मी धरून चाललो होतो.

तिचं लग्न ठरलं केडगावच्या बाजूला. सुपारी आमच्याच बँडला मिळाली.

नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन घोड्यावरून मांडवाकडं निघाला होता. ऊन कलतं होतं. पोरं नाचत होती. मांडवाच्या तोंडाशी बाळू नोट हलवत आला. बाळू म्हणजे गल्लीतला, माझ्या बरोबरीचा, डेअरीवर दूध गोळा करायला घरोघर जाणारा. सुनंदाच्या घरीही रोज जायचा. त्यानं माझ्या कानाशी येऊन एक नाचाचं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं गाणं सांगितलं आणि म्हणाला, "वाजीव मर्दा, आपल्या घरचं लगीन हाय!" मी मान हलवली, नोट ताशावर पडली. सगळ्यांनी पाहिलं.

आणि मी डोळे वर केले तर माडीच्या खिडकीत हळदीच्या अंगानं सुनंदा उभी. नवरदेव बघायला आली होती. हसत होती.

पुढचं मी कसं केलं हे मला आजही सांगता येत नाही. ओठांनी नाचाचं गाणं धरलंच नाही. तेच रडकं धरलं, आणि साधं नाही, मामानं शिकवलेलं सगळं त्यात ओतलं. ताशेवाले गोंधळून थांबले. नुसतं क्लॅरिनेट उरलं. पहिल्या ओळीला नाचणारी पोरं उभी राहिली. दुसऱ्या ओळीला बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. खिडकीतलं हसू गेलं. मला वाटलं, कळलं तिला. मी आणखी जोरात फुंकलं.

नवरदेवाचे मामा घोड्यापुढं आले. "बंद करा! फर्माईश कुणाची ही?"

सगळी बोटं बाळूकडं गेली.

बाळूनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या मामाकडं, बँडच्या सगळ्या माणसांकडं. आणि म्हणाला, "व्हय. म्याच सांगितलं."

मी चुकलो तर चुकलो, पण हा असं का म्हणतोय? मांडवामागं नेऊन त्याला मारलं तेव्हा क्लॅरिनेट माझ्या हातात होतं आणि मी ते पुसत होतो. होय, पुसत होतो. लग्न लागलं. आत बसून चार जाणत्यांनी समजूत घातली आणि लागलं. मंगलाष्टकं झाल्यावर मामानं मला खुणावलं आणि मी सरळ भरलेल्या सुरात, कुठंही न कापता, नवरानवरीचं गाणं वाजवलं. वाजवता आलं मला.

बाळूनं का मान्य केलं ते नंतर त्यानंच मामाला सांगितलं. बँडनं आपल्या मनानं असलं वाजवलं म्हटलं असतं तर दोन्ही तालुक्यांत मामाला पुन्हा सुपारी मिळाली नसती, दहा घरांची चूल त्यावर होती. मामा माझ्याकडं बघत राहिला. माझ्या हातात त्यानं परत क्लॅरिनेट दिलं नाही.

कारेगावात एका खोलीत सहा जण राहायचो. कंपनीनं दोन-तीन वर्षांत तमिळनाडूत होसूरच्या प्लांटला पाठवलं, तिथंच राहिलो. शिफ्ट, ओव्हरटाइम, क्वालिटी ऑडिट, रेशनचा उकडा तांदूळ. 'आहे' म्हणायचं तिथं 'इरुक्कु' तोंडात बसलं. बायको सोलापूरची, मुलगा घरात तमिळ आणि इंग्रजी बोलतो. कंपनीच्या बसमध्ये सकाळी गाणी लागायची. शब्द एक कळत नव्हता आणि मला वाटलं, सुटलो. पण पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की मला सगळं कळतंय. हे छेडीचं, हे आर्जवाचं, ही रुसलीय. एकदा एक गाणं लागलं आणि मी ड्रायव्हरला म्हटलं, चेंज करो. तो आरशात बघून हसला, "लव्ह फेल्युअर साँग, सार! सूपर हिट!" सगळी बस ठेका धरत होती. त्या लोकांना ते गाणं म्हणजे मौज होती. मी मात्र घामानं भिजलो होतो.

गावाकडनं फोनवर आई सांगायची, "तू आमची काळजी करू नको. बाळू हाय." वडिलांना झटका आला तेव्हा गाडी करून पुण्याला त्यानं नेलं. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, खांदा त्यानं दिला होता. त्याचं डेअरीवरचं काम लग्नानंतर लगेच गेलं होतं, बायामाणसांच्या घरात असला माणूस कसा पाठवायचा म्हणून. मी एकदा आईला विचारलं, बाळूच्या लग्नाचं काय? ती सहज म्हणाली, "त्याला कोण पोरगी देतंय? त्या गाण्यापायी. पोरगं गुणाचं, पर तेवढं एक केलं बघ त्यानं." माझी आई हे मला सांगत होती.

तरीही एक भ्रम मी जपला होता. सुनंदाला तरी खरं ठाऊक असणार. खिडकीतून तिनं मला पाहिलं होतं, गाणं रोजचं होतं.

दोन हजार दहा सालानंतरची गोष्ट. बंगळूरच्या गाडीनं दौंडला उतरलो, केडगावला जाणाऱ्या शटलची वाट बघत होतो. बाकावर एक बाई, बरोबर शाळकरी मुलगी. "दत्ताभाऊ ना?" म्हणाली. केस पांढरे व्हायला लागलेले, पण आवाज चाळीतलाच. चौकशी झाली. मुलीला म्हणाली, "मामा हायेत, पाया पड." मग स्वतःच बोलायला लागली. सासरच्यांनी पहिली काही वर्षं तिला माहेरी पाठवलंच नाही. नवरा चांगला, पण पिऊन आला की ते गाणं गुणगुणायचा, मुद्दाम. आता गुणगुणत नाही.

"मला एकच कळलं न्हाई बघा आजवर," ती म्हणाली. "बाळूदादानं आसं का केलं? मी त्येला राखी बांधायचे हो. सख्ख्या भावांच्या आधी. माझ्याबद्दल त्येच्या मनात तसलं आसंल, मला सपनात वाटलं न्हाई. तवापासनं त्येचं त्वांड बघितलं न्हाई मी."

माझा तिच्या हिशेबात पत्ताच नव्हता. मी सगळा जीव ओतला होता आणि तिनं त्यात बाळूचे शब्द घातले होते, कारण नोट बाळूनं दिली होती. ज्या गाण्यानं मी तिला सगळं सांगितलं असं समजत होतो, त्यानं तिला फक्त एवढं सांगितलं की तिचा भाऊ भाऊ नव्हता. आणि ती मला भला माणूस समजून माझ्याजवळ मन मोकळं करत होती!

शटल आली. तिनं विचारलं, "येताय न्हवं?" मी म्हणालो, नाही, मला दौंडात काम आहे. काम काही नव्हतं.

आता मुलगा विचारतो, आपलं घर कुठं? मी न्हावरं सांगतो. पण खरं सांगायचं तर गावात माझं नाव चांगलं आहे म्हणून मला ते घर वाटतं. कमावतं पोरगं, आईबापांना पैसे पाठवणारं, कुणाच्या अध्यात न मध्यात. हे नाव बाळूच्या नावाच्या जिवावर मिळालेलं आहे. तुमच्यापैकी जे गावाबाहेर पडले त्यांना बाहेर का पडलो ते सांगता येत असेल. मी नोकरीसाठी गेलो असं सगळ्यांना वाटतं.

हे लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. बाळू वाचत नाही, सुनंदाच्या घरी हे जाईल की नाही ठाऊक नाही. मला न्हावऱ्याला जायचं आहे, सुनंदाला आणि बाळूला एका जागी बसवायचं आहे, तिचे भाऊ आणि माझी आई ऐकत असताना तोंडानं सांगायचं आहे की ते मी केलं, जाणून केलं. ते मी अजून केलेलं नाही.