कामिनी कुणाच्या हातची

मुरबाडला माझ्या मावशीच्या दारात पांढऱ्या, सुवासिक फुलांची कामिनी होती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिच्या बुडाशी उगवलेलं वीतभर रोप मी डालड्याच्या डब्यात घालून एसटीनं शेणव्याला आणलं. सासरी कुणाला त्याचं कौतुक नव्हतं. "फळ नाय, भाजी नाय, काय करायची ती?" सासूबाई म्हणाल्या. पण धाकट्या जावेनं खड्डा खणून दिला.

आमचं अंगण एक, चुली दोन. जाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. भातलावणीला आम्ही एकाच बांधावरून जायचो. कामिनीचं सगळं मी तिला दाखवलं. फुलं येऊन गेली की छाटायचं, कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण आले की साबणाचं पाणी मारायचं, बुंध्याशी माती चढू द्यायची नाही. मी माहेरी गेले की पाणी तीच घालायची. आठ वर्षांत कामिनी माझ्या डोक्याच्या वर गेली. उन्हाळ्यात समोरचा डोंगर सगळा करपायचा, तेव्हाही हिचं पान काळंभोर हिरवं. एकदा मी आधाराच्या काठीची तार तिला बांधली आणि सोडायची विसरले. सोडली तेव्हा गुडघ्याएवढ्या उंचीवर खोल वळ पडला होता. तो कधीच भरला नाही.

किन्हवलीच्या रस्त्याला तेव्हा मुंबईकरांचे बंगले होऊ लागले होते. त्यातल्या एक बाई गाडी थांबवून अंगणात आल्या, कामिनीभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "हे झाड आम्हाला द्या ना. मुळासकट नेऊ." मी हसून नाही म्हटलं. जाऊ शेजारी तांदूळ पाखडत होती.

त्या श्रावणात मी बहिणीच्या बाळंतपणाला मुरबाडला वीस दिवस राहिले. परत आले तर अंगणात नुसता चिखलाचा खड्डा.

"मूळ सडलं गो ताई, पाणी साचून," जाऊ म्हणाली. "आडवीच झाली. तुला बघवणार नाय म्हणून तोडून चुलीत घातली." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही रडले, आणि तिनंच मला चहा करून दिला. पावसाळ्यात ओलं लाकूड चुलीत कसं जळलं, हे मी विचारलं नाही. सासूबाई आत पाटावर बसल्या होत्या. त्यांनी तोंड फिरवून वाती वळायला घेतल्या.

त्याच महिन्यात जावेला त्या बाईंच्या बंगल्यावर बागेचं काम लागलं. मला आनंदच झाला. दुसऱ्याच्या शेतात चिखल तुडवण्यापेक्षा बरं.

संक्रांतीला बंगल्यावर हळदीकुंकू होतं. जावेनं नको नको म्हटलं तरी मी शेजारणींबरोबर गेले. फाटकाच्या आत, डाव्या हाताला कामिनी उभी होती. निम्मी पानं पिवळी. झाडं सारखी दिसतात म्हणून मी वाकून पाहिलं. तारेचा वळ मातीला टेकला होता, इतकं खोल पुरलं होतं तिला.

बाई मागून आल्या. त्यांनी मला ओळखलं नसावं. "सुंदर आहे ना? आमच्या माळणीनं आठ वर्षं वाढवलंय. स्वतःच्या अंगणातलं दिलंन बिचारीनं."

जाऊ तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. मी कुंकू लावून घेतलं आणि निघाले.

संध्याकाळी ती अंगणात आली. मी म्हटलं, "झाड नेलंस ते नेलंस. माझ्यासमोर रडलीस कशाला?"

"बाईनं विचारलं, तुला काय येतं? मला काय येतं ताई? तू शिकवलंस तेवढंच. म्हटलं, ती कामिनी माझ्या हातची, ताई उगाच नाय म्हणाली. मग बाई म्हणाली, घेऊन ये."

"मला विचारायचं होतंस."

"तू नाय म्हणाली असतीस."

ते खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. मग ती हळूच म्हणाली, "पानं गळतायत. मेली तर काम जाईल माझं. काय करू ते तरी सांग."

मी पाठ फिरवूनच सांगितलं. हातभर माती उकर, शेंडे निम्मे काप, महिनाभर खत घालू नको. "आणि बाईंना खरं सांग," मी म्हटलं. "सांगते," ती म्हणाली.

कामिनी जगली. जावेचं काम टिकलं, पुढं तिच्या हाताखाली दोन माणसं आली. आम्ही बोलायचो, पण लागेल तेवढंच.

तीनेक वर्षांनी एकदा बाईंची गाडी दारात आली. जाऊ तयार होईपर्यंत बाई माझ्या ओटीवर बसल्या. आमचं ओकंबोकं अंगण पाहून म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाईंच्या हाताला काय गुण आहे हो! तुम्हाला नाही का आवड झाडांची?"

जाऊ पदर खोचत दारात आली होती. तिनं ऐकलं होतं. मी थांबले, ती बोलेल म्हणून चांगली थांबले.

"चला बाई, ऊन होईल," जाऊ म्हणाली.

"नाही," मी बाईंना म्हटलं, "मला नाही आवड." आणि त्यांच्या पाण्याचा तांब्या उचलून आत गेले.