चढलता

कल्पना करा, तुमच्यासमोर एक कोरी ओळ आहे आणि तिच्यावर कुणाचं तरी जाणं लिहायचं आहे. भाषा फ्रेंच. 'तो जाईल' असं लिहायचं नाही, 'तो गेला' असंही नाही. पुढच्या एखाद्या दिवशी जाऊन उभं राहायचं, तिथून मागं वळून बघायचं आणि म्हणायचं, तोवर तो गेलेला असेल. आधी 'असणे'चं भविष्यातलं रूप घ्या: सरा. त्याला 'जाणे'चं पूर्ण झालेलं रूप जोडा: पार्ती. इल सरा पार्ती. जाणारी बाई असेल तर शेवटी एक अक्षर वाढवा. ते लिहायचं असतं, पण ऐकू येत नाही. जमलं? आता एवढंच धरून चला की तुमचा सख्खा भाऊ घरातून गेलाय, आणि तो कुठं आहे हे कुणी सांगत नाही.

युसूफ वडगावच्या वर्षाराणीला ही एक ओळ लिहायला अख्खी दुपार लागली.

तिनं केजच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेतली होती. पुण्यातल्या एका कंपनीला फ्रान्सच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी सोडवायला फ्रेंच येणारी माणसं हवी होती. मोबाईलवर क्लास होता. गावात रेंज नीट मिळायची ती पाण्याच्या टाकीखाली, म्हणून ती तिथंच बसायची. नळावर आलेली दगडाबाई हंडा भरता भरता विचारायची, "काय गं, रोज कुनाशी गुलुगुलू बोलायलीस? सासरचे हायत का?"

"व्हय काकू. लई लांबचे हायत."

क्लासला तिला घातलं होतं तिच्या थोरल्या भावानं, अजिनाथनं. तो स्वतः शाळा अर्धी सोडून आईबापाबरोबर ऊस तोडायला गेला, आणि वर्षाराणी हंगामी वसतिगृहात राहून शिकली. याचा त्याला राग नव्हता. उलट ती पाठ करायला लागली की तो दारात बसून चिडवायचा.

"नू सरों, वू सरे..."

"नू, वू? बैल बुजतील की वर्षे."

"दादा, गप की."

"आन त्यो इल म्हंजे?"

"इल म्हंजे त्यो."

"मंग मी इल. इल ऊस तोडतो. लिही."

यंदा वडील शहादेव यांची कंबर धरली होती. त्यांना सांभाळायला आई सावित्रीबाई मागं राहिली. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता; अजिनाथ एकटाच, अर्धा कोयता म्हणून, मुकादम बबनरावाच्या टोळीबरोबर कर्नाटकात गेला. ट्रॅक्टरवर चढताना म्हणाला, "मी येईस्तवर तुजी परीक्षा झाल्याली पायजे." त्याला ठाऊक नव्हतं, पण तो नेमका तोच काळ बोलत होता.

सुरुवातीला तो रोज संध्याकाळी फोन करायचा. मग एके दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर लावला की बंदच लागायचा.

तेव्हापासून घरातली बोली बदलली. "चार्जिंग संपली असंल." "पान्यात पडला असंल फोन." भाकरी थापताना सावित्रीबाई मध्येच थांबायची आणि म्हणायची, "जेवला असंल का गं त्यो?" बबनरावाला फोन लावला तर तोही तेच बोलायचा, "अगं, निघाला असंल. तरनं पोरगं हाय, गेला असंल कुठं फिराया." सगळं घर 'असंल'वर चाललं होतं.

त्याच आठवड्यात क्लासमध्ये हा काळ आला. मॅडम म्हणाल्या, याचे उपयोग दोन. एक, पुढच्या अमुक वेळेपर्यंत ही गोष्ट झालेली असेल. दुसरा, गोष्ट होऊन गेली असावी असा आपला अंदाज. "तो विसरला असेल. इल ओरा उब्लिए. मराठीतही आपण अगदी असंच बोलतो ना!" मॅडमना या सारखेपणाचं फार कौतुक वाटत होतं.

काही मोजक्या क्रियापदांना 'असणे' जोडायचं असतं. त्यांच्या जोड्याच मॅडमनी पाठ करून घेतल्या. जाणं आणि येणं. चढणं आणि उतरणं. जन्मणं आणि मरणं. "जोडीनं लक्षात ठेवा, म्हणजे एक आठवलं की दुसरं आपोआप येतं."

मग प्रत्येकानं एक वाक्य लिहून दुसऱ्या दिवशी वाचायचं होतं. कुणी म्हणालं, तोपर्यंत मी घर घेतलेलं असेन. कुणी म्हणालं, आम्ही पॅरिस पाहिलेलं असेल. वर्षाराणीची पाळी आली. ती म्हणाली, "मोन फ्रेर सरा पार्ती."

"तुमचा भाऊ गेला असेल. छान. पण उपयोग कुठला? पहिला की दुसरा?"

"ऐकून कसं वळखायचं, मॅडम?"

"संदर्भावरून. आणि नाहीच कळलं तर बोलणाऱ्याला सरळ विचारायचं, तुम्हाला ठाऊक आहे की नुसतं वाटतंय?"

ती घरी आली. सावित्रीबाई अंगणात तूर पाखडत बसली होती. वर्षाराणीनं तिच्या शेजारी बसून फोन स्पीकरवर टाकला आणि बबनरावाला लावला.

"तात्या, दादा निघाला असंल म्हनता. तुमाला ठावं हाय, का वाटायलंय?"

"आता हे काय नवीन? निघाला असंल म्हनलं की."

"काम टाकून पळनारा न्हाई आमचा दादा."

"अगं, म्या कुठं कामचोर म्हनलो त्याला? गुनाचं लेकरू. त्या दिशी बी गडी कमी पडला म्हनून मोळ्या रचाया त्योच टॉलीवर चढलता..."

बबनराव थांबला.

सावित्रीबाईच्या हातातलं सूपही थांबलं.

'चढला होता' हे दोन शब्द तिकडच्या बोलीत एका दमात येतात: चढलता. असं अंदाजानं कुणी बोलत नाही. ज्यानं पाहिलेलं असतं, तोच असं बोलतो. इतके दिवस 'असंल' म्हणणाऱ्या तोंडातून पहिल्यांदा पाहिलेली गोष्ट बाहेर पडली होती. वर्षाराणीच्या डोक्यात जोडी आपोआप पुरी झाली. चढणं आणि...

"चढलता, तात्या? मंग उतरला कवा?"

फोन कट झाला. परत लावला तर उचलला नाही.

शहादेव कंबरेला पट्टा आवळून, चुलतभावाला घेऊन कर्नाटकात गेले. वर्षाराणीही गेली. टोळी दुसऱ्या गावच्या फडात हलली होती. कोप्यांपुढं, म्हणजे टोळीच्या झोपड्यांपुढं, बसलेल्या बायामाणसांना तिनं एकेक करून विचारलं. कुणी म्हणालं, आमी पल्याडच्या फडात होतो. कुणी म्हणालं, गेला असंल गावाकडं. एक बाई तिच्याकडं बघून रडायला लागली, तर नवऱ्यानं तिला दरडावून आत पाठवलं. ज्या रस्त्यानं भरलेल्या ट्रॉल्या जायच्या, त्याच्या एका वळणावर उसाचं पाचट नाल्यापर्यंत विखुरलेलं होतं. पण पाचट त्या रस्त्यावर सगळीकडंच होतं.

बबनराव शपथेवर म्हणाला, "म्या चढलता असं बोललोच न्हाई. पोरीचं डोकं फिरलंय."

चौकीतला हवालदार समजूतदार होता. म्हणाला, "फोनवरचं आणखी कुणी ऐकलं का?"

"मायनं ऐकलंय."

सावित्रीबाईला फोन लावला. हवालदारानं तिलाही तेच विचारलं. पलीकडून आवाज आला, "मला न्हाई ऐकू आलं काई. तूर पाखडत होते."

हवालदारानं 'हरवला आहे' एवढं नोंदवलं.

घरी येऊन वर्षाराणी आईवर पहिल्यांदा ओरडली. "तू ऐकलंस माय! सूप थांबलं होतं तुजं! कावून खोटं बोललीस?"

सावित्रीबाई चुलीकडं तोंड करून बसली होती. "तुज्या एका शब्दापायी त्याला मारू का मी?" ती म्हणाली. "असंल म्हनलं की तवर असतो त्यो. राहू दे की मला तेवढं."

त्या दिवसापासून मायलेकी एकाच चुलीपाशी बसून दोन वेगळ्या काळांत बोलू लागल्या.

परीक्षा झाली. एक प्रश्न होता, 'तू परत येशील तेव्हा' असं वाक्य पुरं करा. तिनं लिहिलं, माझी परीक्षा झालेली असेल. ती पास झाली आणि पुण्याहून बोलावणं आलं. सावित्रीबाईनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि तिचा हात सोडेना. "गेल्या गेल्या फोन कर," ती म्हणाली. "पोचली असंल म्हनायची येळ आनू नको माज्यावर."

त्याआधी, जायच्या आदल्या दिवशी, बाजार होता. हंगाम उरकून टोळी परतली होती. बबनराव चहाच्या हॉटेलापुढं बाकड्यावर बसला होता. वर्षाराणी बाजार तुडवत सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. मागून सावित्रीबाई तिची ओढणी खेचत होती, "चल गं, चल."

"आली का फ्रान्सची मडम," बबनराव हसून म्हणाला. बाकड्यावरचे दोघंतिघं हसले. मग त्यानं आवाज उतरवला. "पोरी, कवर उकरनार हायस? पोटापान्याला लाग. गेला असंल त्यो कुठंतरी, येईल बी."

"गेला असंल न्हाई, तात्या. तुमी चढलता म्हनलात."

हसणं बंद झालं. बबनरावानं कप तोंडाला लावला. कप रिकामा होता, तरी तो लावून राहिला. ओढणीवरचा आईचा हात सुटला. ती आता ओढत नव्हती. तीही बबनरावाकडं बघत उभी होती.

वर्षाराणीनं पुन्हा तेच विचारलं, आणि पुण्याला गेल्यावरही ती दर आठवड्याला फोन लावून तेच विचारते: दादा ट्रॉलीवर चढलता ना, तात्या? मंग उतरला कवा?