पाच जणांचे दोन शब्द

सत्तरच्या दशकात मी धरमपेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. तिथे एका वाचनालयाच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका छपाईला आली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, ग्रंथपाल आणि माजी अध्यक्ष अशा पाच जणांनी लेख दिले होते. पाचही लेखांचं शीर्षक एकच, 'दोन शब्द'. त्यातला सर्वांत आटोपशीर लेख सहा पानांचा होता.

अनुक्रमणिकेत लेखकांची नावं घालायची नाहीत, त्यानं मानापमान होतात, असा त्यांच्या कार्यकारिणीचा ठराव होता. त्यामुळे तिथे एकाखाली एक पाच वेळा 'दोन शब्द' आलं. आमचे कंपोझिटर काका पारशिवनीकडचे. खिळे जुळवता जुळवता थांबले आणि म्हणाले, "पाचही सारखेच हायेत गा. वाचणाऱ्याले समजन कसं, कोणता कोणाचा?"

मी तोडगा काढला. पहिला नुसता 'दोन शब्द', मग 'दोन शब्द २', 'दोन शब्द ३'. प्रूफ पाहून उपाध्यक्ष स्वतः छापखान्यात आले. खुर्चीवर बसून त्यांनी शांतपणे विचारलं, "मी दोन नंबरचा काहून?"

मग आकडे काढून अ, ब, क, ड, इ लावलं. शेवटचा 'इ' माजी अध्यक्षांच्या वाट्याला आला. त्यांनी निरोप पाठवला की ते इत्यादींमध्ये मोडत नाहीत. अखेर मी पाचही जणांकडे जाऊन नवं शीर्षक मागितलं. चार दिवसांत पाचही आली. पाचही 'मनोगत'.

काका म्हणाले, "आत काय लिहिलं हाये, ते तर वाचून पाह्य एकडाव."

मला लाज वाटली. दोनदा तपासूनही मी ऱ्हस्व-दीर्घापलीकडे काही वाचलं नव्हतं. वाचायला बसलो. चार लेखांत नुसता आनंद होत होता. कुणाला इमारतीचा, कुणाला स्वतःच्या कारकिर्दीचा. ग्रंथपालांच्या लेखात मात्र पुस्तकं परत न करणाऱ्या सभासदांची यादी होती. पहिलं नाव अध्यक्षांचं. मी चौघांचे आनंद वेगवेगळे करून शीर्षकं दिली आणि ग्रंथपालांच्या लेखाला दिलं, 'पुस्तकं कुणाकडे आहेत?'

अंतिम प्रूफवर अध्यक्षांनी न वाचताच सही केली.

प्रकाशनाच्या दिवशी भाषणं सुरू असताना अख्खं सभागृह एकच पान उघडून बसलं होतं. आठवडाभर वाचनालयात पुस्तकं परत येत राहिली. अध्यक्षांनी आपली चपराश्याच्या हाती पाठवली. त्यांची पुढची स्मरणिका आमच्याकडे आली नाही.