दोन टोपणं, दिवसातून तीनदा

गोळ्या विकेपर्यंत मी दुकानदार असतो. पातळ औषध हातात घेतलं की मास्तर होतो! एरंडोलला मेडिकल टाकून वीस वर्षं झाली. समजावून समजावून घसा बसला, पण किस्से काही थांबत नाहीत. त्यातही एलिक्झिरने जास्त छळलंय. एलिक्झिर म्हणजे गोडसर, किंचित अल्कोहोल असलेलं औषध. टोपणाने मोजून घ्यायचं. बस्स, एवढंच!

*

एका आजीबाईंना म्हटलं, "टोपणावर रेघ आहे, तिथपर्यंत घ्या."

"टोपन तं नातू खेळी राह्यना!"

"मग मोजता कशाने?"

"बाटलीच तोंडले लावस ना!"

*

रिटायर्ड गुरुजींनी भिंग लावून लेबल वाचलं. "यात अल्कोहोल? मला दारू पाजता?" औषध विरघळायला ते लागतं, अगदी थोडं असतं, हे मी अर्धा तास सांगितलं. बाटली काउंटरवर आपटून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीतले तिघे हजर. "गुरुजींनी परत केलं ना, ते द्या!"

"खोकला कोणाला आहे?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक जण घाईघाईने खोकला.

*

शेजारचा टेलर औषध पुरवून वापरतो. अर्ध्या बाटलीत पाणी ओतलं, औषध गढूळ झालं. मी ओरडलो, "फेका ते! औषध खाली बसलंय!"

"म्हणून तर तळाचं शेवटी पिणार. सगळी ताकद तिथेच जमलीय ना!"

मी हात जोडले.

*

पण खरा जीव टांगणीला लावला तो अक्कांनी. त्यांचे यजमान नाना, जवळच्या खेड्यातले शेतकरी, दर आठ दिवसांनी यायचे. "तिना खोकला कमी नही, भाऊ." डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं.

"वेळेवर घेतात ना?"

"तिना हातमा देस ना मी!"

चौथ्या खेपेला डॉक्टरांनी जळगावला एक्स-रे काढायला सांगितलं. नानांनी तो कागद माझ्यापुढे धरला. "भाऊ, काही वंगाळ तं नही ना?"

मला राहवेना. दुकान बंद करून त्यांना मोटारसायकलवर बसवलं आणि थेट घरी गेलो. अक्का खोकत खोकत चहा टाकत होत्या.

"आधी बाटल्या दाखवा," मी म्हटलं.

अक्कांनी कपाट उघडलं. नव्या लुगड्याच्या घडीतून एकेक करून तीन बाटल्या काढल्या. तिन्हींचं सील शाबूत!

"अक्का, हे घेतलंच नाही?" मी अक्षरशः ओरडलो.

पदराने तोंड पुसत, खोकला आवरत अक्का म्हणाल्या, "इतलं चांगलं औषध, भाऊ! जपीसन ठेयेल शे. घरमा कोनी आजारी पडनं, तं कामले येई ना!"