नाना समजूत काढायला येतात

"काय चुकनं आमनं?" हे विचारण्याआधी नाना डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि बिबड्यांची पिशवी पुढे सरकवायचे. आमचं काय चुकलं, एवढाच त्यांचा प्रश्न. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लग्नात रुसून बसलेल्या मामाला मांडवात परत आणणारा एक जण प्रत्येक घराण्यात असतोच. आमचे नाना मात्र हे काम मोबाइलवर रुसलेल्यांसाठी करायचे.

अमळनेरला आमच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आणि शेजारी नानांचं दुकान. अक्का, म्हणजे त्यांची बायको, गच्चीवर ओल्या कापडावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, थापायच्या, वाळले की नाना विकायचे. पलीकडे नवा रस्ता झाला, गिऱ्हाईक तिकडून जायला लागलं आणि आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसू लागलो. यंदाचा माल खपला नाही तर दुकान बंद करून सुरतेला मेहुण्याच्या साडीच्या दुकानात गाद्या झटकायला जाणार, असं नाना एकदा म्हणाले. साठीच्या माणसाने मेहुण्याच्या गाद्या झटकायच्या, हे मला सहनच झालं नाही. मी लगेच त्यांच्या नावाने पेज उघडलं.

पहिल्या व्हिडिओत नाना लग्नाच्या माइकवरून आहेर पुकारावेत तसे बोलले. कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग मी गुपचूप शूटिंग केलं. अक्का शांतपणे बिबडे थापताहेत आणि मागे नाना काठी घेऊन गच्चीभर खारीचा पाठलाग करताहेत. खार एक बिबडा घेऊन गेली आणि व्हिडिओ तुफान चालला. तेव्हापासून नाना सकाळच्या चहाबरोबर फॉलोअरांची नावं वाचू लागले, अगदी हजेरी घेतल्यासारखी.

एके दिवशी हजेरीत एक जण कमी निघाला. धरणगावचे एक मास्तर, ज्यांना मागे पार्सल पाठवलं होतं. लोक येतात, जातात, एवढं काय मनावर घ्यायचं, असं मी समजावलं. नाना ऐकायला तयार नव्हते.

"माणूस असा उठीसन जात नही, ताई. रुसना व्हई."

आणि मोटरसायकल काढून ते थेट धरणगावला गेले.

मास्तरांच्या ओसरीवर टोपी मांडीवर आली, पिशवी पुढे सरकली, प्रश्न विचारला गेला. मास्तरांना काही उमजेना. शेवटी उलगडा झाला की नातवाचं बोट चुकून भलतीकडे लागलं होतं. हसून हसून मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नानांना जेवल्याशिवाय सोडलं नाही आणि सगळा किस्सा फोटोसकट मोबाइलवर टाकला.

मग काय विचारता. एरंडोलपासून धुळ्यापर्यंत लोक मुद्दाम रुसायला लागले. एका बाईंनी तर सासूबाईंना नाना बघायचे होते म्हणून अनफॉलो केलं. नाना प्रत्येकाकडे कासावीस होऊन जायचे आणि पिशवी रिकामी करून परत यायचे. लोक नाटक करताहेत, हे शेवटी मी त्यांना सांगून टाकलं.

"नाटक का व्हयेना," ते म्हणाले, "बलावतस तं खरं."

घाई मलाच होती. एका जाहिरातवाल्याकडून मी काही हजार फॉलोअर विकत आणले. नाना हरखून गेले. चहा गार होईपर्यंत नावं वाचत बसले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. कोणाचं गाव कळेना, मेसेजला कोणी उत्तर देईना.

"ज्यासले घरच नही, त्यासनी समजूत मी कोठे जाईसन काढू?"

ते सगळे काढून टाकता टाकता माझी अख्खी दुपार गेली. आकडा धाडकन खाली आला, तेव्हा कुठे नाना पोटभर हसले. माल मात्र मिरगाच्या आतच खपला आणि सुरत राहिली बाजूला.

पुढे मागणी इतकी वाढली की मोठी गच्ची बघून नाना-अक्का धुळ्याला गेले. शेजारच्या शटरला कुलूप लागलं आणि मला करमेनासं झालं. पेज आता त्यांची सून सांभाळते. फॉलोअर इतके झालेत की हजेरी घ्यायची म्हटलं तर दिवस मावळेल. एवढ्या गर्दीत एक माणूस उठून गेला तर नानांना कळेल का, हा किडा डोक्यात शिरला तो निघेना. एका दुपारी मीही बोट दाबलं.

आठवडा गेला. कोणी आलं नाही. आता मी खरोखरच रुसले.

मग एका सकाळी स्टुडिओसमोर ओळखीची फटफट ऐकू आली. नाना आत येऊन बसले, टोपी मांडीवर ठेवली. उशीर झाला म्हणाले, सून गेलेल्यांची यादी काढून देते, तिच्यात एरंडोलचे आणि धरणगावचे काही जण आधी रुसले होते, त्यांच्याकडून मग इकडे. नंबराप्रमाणेच यावं लागतं. मी हसू दाबत तोंड फिरवून बसले. त्यांनी पिशवी पुढे सरकवली.

"ताई, काय चुकनं आमनं?"

मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर ते चहा पिऊन लगेच निघाले असते.