लोकरीचा झगा

सिस्टर उर्सुलाचा देवावर भारी विश्वास, पण झग्यावरून तिचं त्याच्याशी रोज भांडण व्हायचं. गळ्यापासून घोट्यापर्यंत जाड, काळी, विलायती लोकर! बर्फात राहणाऱ्या कुणीतरी बेतलेला तो झगा हिनं ठाण्याच्या उन्हाळ्यात घालायचा. "देवा, मी तुझी नवरी, मान्य. पण नवरीला असं उकडून काढतात का रे?" असं प्रार्थनेच्या शेवटी पुटपुटायची आणि मग आमेन म्हणायची.

मूळची ती ठाण्यातल्याच चरईच्या ख्रिस्ती शेतकऱ्याची पोर. नाताळात जन्मली म्हणून नातालीन. उंच, सावळी आणि तोंडानं फटकळ. बापानं स्थळ आणलं तर म्हणाली, "मला शिकवायचंय," आणि गेली मठात, तिथं तिची उर्सुला झाली. आधी काही वर्षं कल्याणला रेल्वेतल्या साहेबांच्या पोरांकडून पाढे घोकून घेतले. मग मठानं ठाण्यात तळ्याजवळ मुलींची मराठी शाळा काढली आणि मराठी बोलणारी सिस्टर हवी म्हणून हिला परत आणली. दारोदार फिरून, आयांची मनधरणी करून तिनं पोरी जमवल्या. ती शाळा म्हणजे तिचा जीव की प्राण.

त्या पोरींत एक सुमती, कचेरीतल्या श्रीपादराव लिमयांची. श्रीपादराव मोठे सुधारक, पण उंबऱ्याबाहेर. घरात राज्य त्यांच्या आईचं, बयोआजीचं. ख्रिस्ती बाईला शिवून आलेली पोर घरात घ्यायची तर आधी विहिरीवर गार पाण्याची आंघोळ, तीही डोक्यावरून! पौषात सुमती खोकायला लागली. आजीनं निकाल दिला, "आंघोळ काही सुटायची नाही, तेव्हा शाळाच सोडा." लिमयांची पोर गेली की आळीतल्या सगळ्याच जाणार, हे उर्सुलाला ठाऊक होतं. ती तडक जाऊन लिमयांच्या अंगणात उभी राहिली.

"आजी, पोर आत्ता कुठं वाचायला लागलीय हो!"

"लांबून बोल!" गहू वाळत घालणारी आजी खेकसली. तेवढ्यात वाऱ्यानं झग्याचा घोळ उडाला आणि नेमका आजीच्या खांद्याला लागला. "अगं मेले, शिवलीस की गं मला!" असं ओरडत तो दूर लोटायला आजीनं हातात धरला, आणि धरला तो सोडेचना. चिमटीत घेऊन चोळून पाहिला.

"कसलं गं हे कापड?"

"लोकर."

"सगळा झगा लोकरीचा?"

"सगळा. आत भाजून निघते मी!"

आजीचा चेहराच बदलला. तिच्या शास्त्रात सुती कापड लगेच विटाळायचं, लोकरीला मात्र विटाळ नव्हता. स्वतः आजी लोकरीची धाबळी नेसूनच स्वैपाकाला बसायची. "अगं बाई, म्हणजे तू तर दिवसभर सोवळ्यातच की!" तिथल्या तिथं नवा नियम झाला. हा झगा अंगावर असेल आणि बाही ओढून, तिच्या आडून पोरीचा हात धरला असेल, तर आंघोळ माफ. आळीनंही तो मानला. आजीच्या शब्दापुढं कोण बोलणार? उर्सुला हसत हसत शाळेत आली. ज्या झग्याला इतकी वर्षं शिव्या घातल्या, तोच उपयोगी पडला होता.

आणि चैत्रात मठाच्या मुख्य मदरनं गाठोडं सोडलं. पांढरे सुती झगे! युरोपातून परवानगी आली होती, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं मदरचं डोकं उर्सुलानंच खाल्लं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या सिस्टर पांढऱ्याशुभ्र झाल्या. उर्सुलानं आपला झगा गालाला लावला. इतकं मऊ, गार कापड! तिला रडूच आलं. ही पांढरी लोकरच आहे असं आजीला सांगितलं तर? पण फसवून आणलेल्या पोरींपुढं उभं कसं राहायचं? तिनं झगा पेटीत ठेवला आणि पेटीला एक सणसणीत लाथ घातली.

वैशाखात तिची मान घामोळ्यांनी सोलून निघाली. फळ्याशी उभ्या उभ्या ती पट्टीनं पाठ खाजवायची आणि पोरी खुदखुदायच्या. सुमतीनं घरी नक्कल करून दाखवली. आजी हसली नाही. दुपारी ती स्वतः शाळेच्या दारात हजर झाली. व्हरांड्यात पांढऱ्या सिस्टर होत्या, आणि त्यांच्यात ही एकटीच काळी.

"तुला नाही का दिला?"

"दिलाय. पेटीत आहे."

"मग घालत का नाहीस?"

उर्सुला आधीच कावली होती. "का म्हणजे? मी सुती घातलं की तुमच्या पोरी बसतील घरी! माझं काय, होतील घामोळी."

आजी वळली आणि तरातरा चालती झाली. उर्सुलानं कपाळावर हात मारला. झालं, आपल्या तोंडानं घात केला! पण थोड्या वेळानं आजी परत आली. हातात वाटी होती, देवासाठी उगाळतात त्या चंदनाची.

"बस खाली. तो गळ्याचा पट्टा सोड."

"आजी, अहो, शिवाल मला!"

"गप बस गं!" आजीनं बोटं वाटीत बुडवली आणि तिच्या सोललेल्या मानेवर हळूहळू चंदन लावायला लागली. चांगलंच झोंबलं, पण उर्सुला हलली नाही. दारात पोरी तोंडं उघडी टाकून बघत होत्या.

"उद्यापासून सुती घालायचं," आजी म्हणाली. "आळीत कुणी बोललं तर म्हणावं, बयोला विचारा. पोरींना आंघोळ नको, खोकतात मेल्या. सगळ्यांच्या वाटची मी करीन."